सुटीचा खरा संदेश कुठे पाहायचा? : शाळा, पालक आणि समाजमाध्यमे

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांनी समाजमाध्यमांचा वापर कसा सुरू करावा, या विषयावर गेल्या महिन्यात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत अधिकारी आहेत, शिक्षक आहेत आणि पालकही आहेत. गंमत अशी की तिघांचीही तक्रार जवळपास एकच आहे : मोबाइलवर संदेश भरमसाट येतात, हवी ती माहिती मात्र वेळेवर मिळत नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका तालुक्यात गटशिक्षणाधिकारी आहे. आमच्या जिल्ह्याच्या शिक्षण विभागाचे फेसबुक पान, इन्स्टाग्राम खाते, यूट्यूब वाहिनी आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल असे चारही एकाच दिवशी, शक्य झाल्यास मान्यवरांच्या हस्ते सुरू करावे, असा प्रस्ताव आहे. तालुक्यांकडून सूचना मागवल्या आहेत. आपण काय सुचवाल?

उद्घाटनाचा कार्यक्रम पुढे ढकलावा, ही माझी पहिली सूचना. चार खाती एका दिवसात उघडता येतात, पण ती वर्षभर चालवायला माणसे लागतात, आणि ती माणसे शेवटी शिक्षकांमधूनच घेतली जातात. सहा महिन्यांनी त्यांतली तीन खाती गतवर्षीच्या स्वातंत्र्यदिनाच्या छायाचित्रावर थांबलेली दिसतात. थांबलेले खाते नसलेल्या खात्यापेक्षा वाईट, कारण पालक तेथे येऊन जुनी माहिती खरी मानतो.

त्याऐवजी तालुक्यातील चार-पाच शाळा निवडाव्यात आणि पंधरा दिवस प्रत्येक मुख्याध्यापकाने एका साध्या वहीत पालकांनी फोनवर, फाटकाशी किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवावा. पहिलीच्या प्रवेशाला कोणती कागदपत्रे लागतात, जन्माचा दाखला नसेल तर काय करायचे, गणवेश कधी मिळणार, सकाळची शाळा कोणत्या तारखेपासून, शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज कधीपर्यंत भरायचा, शाळा सोडल्याचा दाखला दुसऱ्या जिल्ह्यात चालतो का, असे प्रश्न त्या वहीत येतील. ती वही हाच आपल्या खात्याचा पहिल्या तीन महिन्यांचा मजकूर. ‘आम्हाला काय सांगायचे आहे’ येथून आरंभ केला, की भेटी, सत्कार, फलक-अनावरण यांची मालिका सुरू होते. ‘पालक काय विचारतात’ येथून आरंभ केला, तर खाते उपयोगी पडते, आणि उपयोगी पडणाऱ्या खात्याकडे लोक बोलावल्याशिवाय येतात.

माध्यम कोणते, हा त्यानंतरचा प्रश्न. ग्रामीण महाराष्ट्रात पालक ज्या एका ठिकाणी हमखास सापडतो ते व्हॉट्सअ‍ॅप, त्यामुळे सुरुवात तेथून व्हावी हे उघड आहे. मात्र व्हॉट्सअ‍ॅपचा ‘गट’ आणि ‘चॅनेल’ यांत जो फरक आहे तो अधिकारीवर्गाने नीट समजून घेतला पाहिजे. गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा भ्रमणध्वनी क्रमांक दिसतो, सदस्यसंख्येला १,०२४ ची मर्यादा आहे, आणि सर्वांना बोलण्याची मुभा असेल तर सूचनेच्या खाली शुभेच्छांचा डोंगर साचतो. २०२३ च्या सप्टेंबरात भारतात आलेले चॅनेल एकतर्फी आहे : विभाग सांगतो, पालक वाचतो, आणि कोणालाही कोणाचा क्रमांक दिसत नाही. शेकडो आयांचे क्रमांक अनोळखी पुरुषांपर्यंत पोहोचण्याचा जो धोका मोठ्या गटात असतो, तो येथे नाही. म्हणून जिल्ह्याचे एक चॅनेल असावे, वर्गशिक्षक आणि पालक यांच्यासाठी वर्गाचा लहान गट असावा, आणि या दोहोंच्या मधले तालुक्याचे, बीटाचे, केंद्राचे पालक-गट असूच नयेत, असे माझे मत आहे. केंद्र आणि बीट हे प्रशासनाचे भाग आहेत. आपले मूल कोणत्या केंद्रात येते, हे पालकाला ठाऊक नसते आणि असण्याची गरजही नाही.

हे सांगण्याचे कारण असे की आज एखादी सूचना शिक्षणाधिकाऱ्यांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तेथून विस्तार अधिकाऱ्यांकडे, केंद्रप्रमुखांकडे, मुख्याध्यापकांकडे, वर्गशिक्षकांकडे आणि अखेरीस पालकांकडे अशी उतरते. प्रत्येक पायरीवर ती पुढे ढकलली जाते, तिच्यावर कोणीतरी ‘सर्वांसाठी अत्यंत महत्त्वाचे’ असे चढवतो, कोणी मूळ पत्राऐवजी त्याचे तिरके छायाचित्र पाठवतो, आणि पालकाच्या हाती पडेपर्यंत अर्जाची मुदत संपायला एक दिवस उरलेला असतो. चॅनेलवर ती सूचना सर्वांना एकाच क्षणी दिसते. अर्थात प्रशासकीय पत्रव्यवहार त्याच्या मार्गाने चालूच राहील.

आता मालकीचा मुद्दा, ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. खाते कोणाच्या मोबाइलवर उघडले जाते? बहुतेक वेळा ते कार्यालयातील उत्साही, तंत्रस्नेही शिक्षकाच्या किंवा डेटा एंट्री ऑपरेटरच्या स्वतःच्या क्रमांकावर उघडले जाते. मग त्याची बदली होते, प्रतिनियुक्ती संपते, क्वचित वाद होतो, आणि हजारो पालक असलेले खाते त्याच्या खिशात निघून जाते. नवे अधिकारी नवे खाते काढतात, आणि पालकांच्या मोबाइलवर एकाच विभागाची दोन-तीन खाती शेजारी शेजारी उभी राहतात. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत जो शासन निर्णय काढला, त्यात बदलीच्या वेळी कार्यालयीन खाते रीतसर हस्तांतरित करण्याची अपेक्षा व्यक्त केलेली आहे. तेव्हा सिमकार्ड कार्यालयाच्या नावे घ्यावे, खात्याला व्यक्तीचे नव्हे तर पदनामाचे ई-मेल जोडावे, दुहेरी पडताळणीचा सहा अंकी पिन सीलबंद पाकिटात कार्यालयीन अधीक्षकांकडे ठेवावा, प्रशासक म्हणून किमान दोघांची नावे आदेशाने निश्चित करावीत, आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटाच्या किल्ल्यांबरोबर या खात्याचीही एक ओळ असावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण उद्घाटनाच्या फितीपेक्षा ते अधिक गरजेचे आहे.

उरलेल्या माध्यमांविषयी थोडक्यात. फेसबुक पान दुसऱ्या टप्प्यात घ्यावे. मात्र तेथे ‘पान’च उघडावे, व्यक्तीसारखे मित्र जोडणारे खाते नव्हे. यूट्यूब वाहिनी अध्यापनाचे व्हिडिओ साठवण्यासाठी चांगली आहे. मजकूर मुलांसाठी आहे असे तेथे घोषित करावे लागते, आणि तसे घोषित केले की त्याखालील प्रतिक्रिया बंद होतात. शाळेच्या दृष्टीने हे सोयीचेच आहे. स्नेहसंमेलनातील चित्रपटगीतांवरची नृत्ये वाहिनीवर टाकल्यास स्वामित्वहक्काची सूचना येते, हेही आधीच लक्षात घ्यावे. इन्स्टाग्रामची घाई नको.

प्रश्न : मी कोकणात केंद्रप्रमुख आहे. दर पावसाळ्यात ‘उद्या शाळांना सुटी’ असा संदेश रात्री दहानंतर फिरू लागतो. कधी तो खरा असतो, कधी गेल्या वर्षीचा, कधी शेजारच्या जिल्ह्याचा. मध्यरात्रीपर्यंत फोन घेऊन मी थकतो. यावर उपाय आहे काय?

आपले पत्र वाचताना मला वाटले की शिक्षण विभागाला समाजमाध्यम कशासाठी हवे, याचे याहून चांगले उत्तर नाही. पालक आपल्याला मध्यरात्री फोन करतात, याचा अर्थ त्यांना खरी माहिती मिळण्याची दुसरी विश्वासाची जागा ठाऊक नाही.

अतिवृष्टीच्या काळात सुटीचा निर्णय सामान्यतः जिल्हाधिकारी घेतात, कारण आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे तेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. हवामान खात्याचा लाल इशारा आला म्हणजे आपोआप सुटी लागत नाही, आणि एका तालुक्यात सुटी असताना शेजारच्या तालुक्यात शाळा भरू शकते. गोंधळाचे मूळ येथे आहे : आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो, शाळा जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा खासगी असते, आणि पालकाला यांतले कोणतेच कार्यालय वेगळे दिसत नाही.

म्हणून पावसाळ्याआधी, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आठवड्यातच, शिक्षण विभागाने जिल्हाधिकारी कार्यालयाशी बोलून एवढेच ठरवावे : सुटीचा आदेश सही झाल्यावर अमुक मिनिटांत एका ठरावीक चॅनेलवर येईल. संदेशाच्या पहिल्याच ओळीत वार आणि दिनांक, दुसऱ्या ओळीत तालुके, तिसऱ्या ओळीत कोणत्या इयत्ता आणि अंगणवाड्यांना ती लागू आहे की नाही, हे लिहिलेले असावे. त्याखाली आदेशाची जावक क्रमांक असलेली प्रत जोडावी. ‘उद्या’ हा शब्द अशा संदेशात कधीही वापरू नये. ‘उद्या सुटी’ हा संदेश वर्षानुवर्षे खरा वाटत राहतो. ‘बुधवार, दिनांक अमुक’ असे लिहिलेला संदेश गुरुवारी आपोआप निकामी होतो.

आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी केली जात नाही. सुटी नसेल, तर तेही सांगावे. अफवा फिरते आहे असे कळताच ‘गुरुवारी जिल्ह्यातील सर्व शाळा नेहमीप्रमाणे भरतील, सुटीचा कोणताही आदेश निघालेला नाही’ हे एक वाक्य रात्री नऊला चॅनेलवर गेले, तर आपल्याला येणारे निम्मे फोन थांबतील. खोट्या संदेशाची प्रत मात्र चॅनेलवर टाकू नये, अगदी त्यावर लाल अक्षरांत ‘खोटे’ असे लिहूनही नको; पुढे पाठवणारे ती लाल अक्षरे कापून टाकतात.

आणि आपण स्वतः रात्री आलेल्या फोनला उत्तर देताना ‘हो, सुटी आहे’ असे न सांगता ‘चॅनेलवर पाहा’ असे सांगावे. पहिल्या पावसाळ्यात पालक रागावतील, दुसऱ्या पावसाळ्यात ते आधी चॅनेल उघडतील.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत उपशिक्षिका आहे. प्रत्येक उपक्रमाचे छायाचित्र आणि व्हिडिओ गटावर टाकण्याची मागणी वरून येते. मुलांचे चेहरे असे सर्वत्र टाकणे योग्य आहे का? आणि पालकांनी आक्षेप घेतला तर जबाबदारी कोणाची?

आपल्या प्रश्नात दोन स्वतंत्र दुखणी आहेत. पहिले छायाचित्रांच्या मागणीचे. काम झाले याचा पुरावा म्हणून छायाचित्र मागण्याची सवय आपल्या शिक्षण व्यवस्थेत इतकी मुरली आहे की कधीकधी उपक्रम छायाचित्रापुरताच होतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या गटांसोबत सेल्फी काढून शिक्षण विभागाच्या ‘सरल’ या ऑनलाइन माहिती प्रणालीवर चढवावी, असा निर्णय २०१६ च्या अखेरीस निघाला होता आणि शिक्षकांच्या विरोधानंतर तो मागे पडला, हे अनेकांना आठवत असेल. निर्णय गेला, वृत्ती राहिली. समाजमाध्यमांसाठीचा मजकूर आणि तपासणीसाठीचा पुरावा या दोन गोष्टी विभागाने काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर जिल्ह्याचे खाते म्हणजे शिक्षकांच्या मानेवरचे आणखी एक जू होईल. ज्या शिक्षकाला आपल्या वर्गातले काही दाखवावेसे वाटते त्याने ते पाठवावे, बाकीच्यांना विचारूही नये, एवढा साधा नियम पुरेसा आहे.

दुसरे दुखणे मुलांच्या चेहऱ्यांचे, आणि ते अधिक गंभीर आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या वैयक्तिक माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती अपेक्षित आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रवेशाच्या वेळीच मराठीत एक पानाचा संमतिपत्राचा नमुना द्यावा, आणि त्यात ‘वर्गाच्या गटावर छायाचित्र चालेल’, ‘जिल्ह्याच्या खात्यावर चालेल’, ‘कोठेही नको’ असे तीन स्वतंत्र पर्याय असावेत. ‘नको’ म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला कार्यक्रमातून वगळले जाणार नाही, आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येईल, ही दोन वाक्ये त्यावर ठळक छापावीत. अंगठा उठवणाऱ्या पालकाला तो नमुना वाचून दाखवावा लागेल. तो वेळ द्यावा.

संमती असली तरी काही छायाचित्रे टाकूच नयेत. मोफत गणवेश, बूट, दप्तर स्वीकारणाऱ्या मुलांची रांग हे त्यांतले पहिले. देणाऱ्याला ते कौतुकाचे वाटते, घेणाऱ्या मुलाला पाच वर्षांनी तेच छायाचित्र वर्गमित्राच्या मोबाइलवर दिसते. अडखळत वाचणाऱ्या किंवा फळ्यावर उदाहरण चुकलेल्या मुलाचा ‘आधी’ आणि ‘नंतर’चा व्हिडिओ हे दुसरे. शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते. एखाद्या मुलाची अडखळ सगळ्या जिल्ह्याला दाखवणे त्या कलमाच्या हेतूत कसे बसवायचे, हे मला तरी सांगता येणार नाही. विद्यार्थ्यांच्या याद्या, ज्यांत जात, आधार क्रमांक किंवा बँक खाते असते, त्या कोणत्याही पालक-गटावर कधीही जाता कामा नयेत. आणि एखाद्या शाळेत अत्याचाराची घटना घडली, तर पीडित मुलाचे नाव, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर यांपैकी ओळख पटेल असे काहीही माध्यमांतून उघड करण्यास पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या, कायद्याच्या २३ व्या कलमाने मनाई आहे. सहानुभूतीपोटी पुढे ढकललेला संदेशही यातून सुटत नाही. अशा वेळी गटावर लिहिण्याऐवजी १०९८ या बालक मदतवाहिनीला फोन करावा.

मग दाखवायचे काय? पुष्कळ काही आहे. मुलांनी काढलेली चित्रे, मातीचे बैल, फळ्यावरची अक्षरे, वहीवरचे हात, पाठमोरी रांग, परसबागेतली वांगी, शिजत असलेली खिचडी, मुलांच्या आवाजातील कविता. चेहरा आलाच तर त्याच्यासोबत नाव नको, आणि सहलीचे छायाचित्र सहल परत आल्यावर टाकावे. चेहऱ्यांशिवाय काढलेली छायाचित्रे बहुतेक वेळा अधिक चांगलीही येतात, कारण छायाचित्रकाराला ‘हसा’ म्हणण्यापलीकडे काही विचार करावा लागतो.

जबाबदारीविषयी : वरिष्ठांनी मागितले म्हणून पाठवले, हे कारण पालकांसमोर पुरेसे ठरणार नाही. मागणी लेखी घ्यावी आणि ज्यांची संमती नाही त्या मुलांची छायाचित्रे वगळल्याचे आपणही लेखी कळवावे.

प्रश्न : पालकांच्या गटावर एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला तर ‘अ‍ॅडमिन’ असलेल्या मुख्याध्यापकांवर गुन्हा दाखल होतो, असे ऐकतो. त्यामुळे आमचे मुख्याध्यापक गट काढायलाच तयार नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये अशाच एका प्रकरणात असे स्पष्ट केले की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ प्रशासक आहे म्हणून कोणी फौजदारीदृष्ट्या दोषी ठरत नाही. त्यात त्याचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन होते हे दिसले पाहिजे. तरीही मजकूर दिसताच तो हटवणे आणि सदस्याला वगळणे शहाणपणाचे. त्याहून सोपे म्हणजे वर्गाच्या गटावर ‘फक्त प्रशासक संदेश पाठवू शकतील’ ही सोय चालू ठेवावी आणि शनिवारी दुपारी दोन तास ती सर्वांसाठी खुली करावी. माझ्या स्वतःच्या मोबाइलवर शाळांशी संबंधित अकरा गट आहेत आणि त्यांतल्या नऊ गटांवर सकाळचा पहिला संदेश सुविचाराचा असतो. मुख्याध्यापकांची खरी भीती कायद्याची नसून या सुविचारांची असावी, अशी मला शंका आहे.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, आता अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. येथे स्कूल डिस्ट्रिक्टची माहिती एकाच ठिकाणी, वेळेवर मिळते. हिमवृष्टीमुळे शाळा बंद असेल तर पहाटेच कळते. हीच पद्धत महाराष्ट्रात का आणता येऊ नये?

आणता येईल, पण सगळी नव्हे. आपल्याकडील एका जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत हजार-दोन हजार आणि पुण्यासारख्या जिल्ह्यात तीन हजारांहूनही अधिक शाळा येतात. तेथील स्कूल डिस्ट्रिक्ट बहुधा त्या मानाने फारच लहान असते, त्याचे स्वतंत्र, बहुतेक ठिकाणी निवडून आलेले शिक्षण मंडळ असते आणि स्थानिक करांतून येणारे उत्पन्न असते. त्यामुळे संपर्कासाठी वेगळा कर्मचारी नेमणे त्यांना परवडते.

तरी तेथून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे छायाचित्रांबाबतची पूर्वसूचना. अमेरिकेच्या १९७४ च्या शैक्षणिक नोंदींच्या कायद्यानुसार नाव, इयत्ता, छायाचित्र यांसारखी ‘निर्देशिका माहिती’ शाळा प्रसिद्ध करू शकते, पण त्याआधी पालकांना सूचना देऊन नकार देण्याची संधी द्यावी लागते. तेथे न बोलणाऱ्याची संमती धरली जाते, आपल्या नव्या कायद्याचा रोख मात्र आधी संमती घेण्याकडे आहे. आपला मार्ग मला अधिक बरा वाटतो.

दुसरी गोष्ट टीकेविषयीची. कॅलिफोर्नियातील पोवे येथील शिक्षण मंडळाच्या दोन सदस्यांनी त्यांच्या खात्यांवर वारंवार एकसारख्या टीकात्मक प्रतिक्रिया लिहिणाऱ्या एका पालक दांपत्याला प्रतिबंधित केले, आणि ते प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. तेथील न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये अशा प्रकरणांसाठी कसोटी घालून दिली : त्या व्यक्तीला शासनाच्या वतीने बोलण्याचा खरोखर अधिकार होता का, आणि त्या विशिष्ट मजकुरात ती तो अधिकार वापरत होती का. हा निकाल आपल्याला लागू नाही, पण त्यातून निघणारा व्यवहार आपल्या अधिकाऱ्यांनीही पाळावा. वैयक्तिक खात्यावर कार्यालयीन घोषणा करू नयेत, आणि कार्यालयीन खात्यावर टीका करणाऱ्या पालकाला हाकलू नये. शिवीगाळ, मुलांची ओळख उघड करणारा मजकूर आणि जाहिराती एवढेच हटवावे, आणि हे तीन नियम पानावर आधीच लिहून ठेवावेत. ‘आमच्या शाळेत दोन वर्षे गणिताला शिक्षक नाही’ ही प्रतिक्रिया हटवली, तर शिक्षक मिळत नाहीच, वर तिचे छायाचित्र गावभर फिरते. तिच्याखाली पद केव्हापासून रिक्त आहे आणि सध्या तात्पुरती व्यवस्था काय केली आहे, हे दोन ओळींत लिहिले तर ते पुष्कळ.

प्रश्न : आमच्या भागातील निम्मी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. बऱ्याच घरांत एकच मोबाइल, तोही वडिलांकडे. दुसऱ्या एका वाचक शिक्षकांनी नंदुरबारमधून विचारले आहे की घरी पावरी बोलणाऱ्या पालकांना मराठी परिपत्रक पाठवून काय साधणार?

हे दोन प्रश्न या सदराला आलेल्या पत्रांतले सर्वांत मोलाचे आहेत, कारण ‘समाजमाध्यम’ या शब्दात गृहीत धरलेला पालक – स्वतःचा मोबाइल असलेला, मराठी वाचणारा, एका जागी राहणारा – या दोन्ही पत्रांत नाही.

ऊसतोडीच्या कुटुंबांबाबत समाजमाध्यम एका बाबतीत खरोखर कामाचे ठरू शकते : गाव सुटले तरी क्रमांक सुटत नाही. दसऱ्याच्या सुमारास, टोळ्या निघण्याआधी, वर्गशिक्षकाने प्रत्येक कुटुंब कोणत्या कारखान्याच्या परिसरात जाणार आहे आणि मूल सोबत जाणार आहे की हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहणार आहे, याची नोंद करावी. त्या कुटुंबांना जिल्ह्याच्या चॅनेलवरून सर्वसाधारण सूचना जाण्यापेक्षा वर्गशिक्षकाचा आठवड्यातून एक आवाजी संदेश अधिक पोहोचतो. त्यात मुलाचे नाव घेऊन ‘या आठवड्यात ती बेरीज शिकली’ असे सांगितले, तर तो फडावर सगळ्या कोपीत ऐकला जातो. मूल सोबत गेले असेल तर जवळच्या शाळेत तात्पुरते बसवण्यासाठी कोणाला भेटायचे, हेही आवाजातच सांगावे. संदेश संध्याकाळी उशिरा पाठवावा. पहाटे तोडणीला निघालेल्या माणसाला सकाळी दहाचा संदेश म्हणजे नुसता आवाज.

पावरी, भिली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या पालकांसाठीही उत्तर आवाजातच आहे. परिपत्रकाचे भाषांतर करण्याच्या भानगडीत पडू नये. गावातील अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या आईने त्या सूचनेचे सार आपल्या बोलीत एका मिनिटात सांगितलेले ध्वनिमुद्रण हे सर्वांत चांगले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी त्यांची गरज सहीपुरतीच भासते. त्यांचा आवाज जिल्ह्याच्या चॅनेलवर आला, तर समितीलाही थोडा अर्थ येईल.

टाळेबंदीच्या वर्षात राज्यभर ‘शाळा बंद… पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवरून पोहोचवली गेली, तेव्हा ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांच्यापर्यंत अनेक शिक्षक पारावर, देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली चालत गेले होते. आजही चॅनेलवरची प्रत्येक महत्त्वाची सूचना शाळेच्या फळ्यावर खडूने आणि ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर कागदाने लागलीच पाहिजे, आणि जेथे दवंडी चालते तेथे दवंडीही द्यावी.

याच ओघात मजकुराच्या रूपाविषयी एक तांत्रिक गोष्ट. सूचना चित्ररूपात, फुलांच्या किनारीत बसवून पाठवू नये. ती युनिकोड अक्षरांत थेट टंकित करावी. दृष्टिहीन पालकाचा मोबाइल अक्षरे वाचून दाखवतो, चित्रातले लिहिलेले त्याला वाचता येईलच असे नाही. शिवाय टंकित मजकूर शोधता येतो. तीन महिन्यांपूर्वीच्या चित्रातली तारीख कोणाला सापडत नाही.

प्रश्न : आमच्या जिल्ह्याच्या फेसबुक पानाला पाचशेही पसंती (लाइक) मिळत नाहीत. काय करावे?

मोजू नये. शिपाई, शिक्षक, अधिकारी यांनी पानाला पसंती द्यावी अशा सूचना काढू नयेत, हे अधिक महत्त्वाचे. त्याऐवजी जूनमध्ये एकच आकडा पाहावा : कागदपत्रे अपुरी म्हणून प्रवेशाच्या दिवशी परत पाठवावे लागलेले पालक गेल्या वर्षीपेक्षा कमी झाले का?

प्रश्न : मी तंत्रस्नेही शिक्षक आहे. माझ्या वर्गातील उपक्रमांच्या रील्स माझ्या स्वतःच्या खात्यावर असतात आणि त्यांना लाखो प्रेक्षक आहेत. विभागाने त्या आपल्या खात्यावर घ्याव्यात असे मला वाटते, पण वरिष्ठ मला नोटीस देण्याची भाषा करतात. माझे काय चुकले?

आपला उत्साह चुकलेला नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले यांचे क्यूआर कोडचे काम जगापुढे गेले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शिक्षकाने स्वतःहून काही करून पाहिले, तरच विभागाला दाखवण्यासारखे काही मिळते. पण आपले खाते आणि आपला वर्ग यांच्यात एक रेषा आहे, आणि जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने ती अधिक ठळक केली आहे. तो निर्णय स्थानिक स्वराज्य संस्थांतील कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. त्यात वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यास सांगितले आहे, आणि शासकीय बोधचिन्ह, गणवेश, वाहन, इमारत यांचा वैयक्तिक खात्यावरील छायाचित्रांत किंवा रील्समध्ये वापर टाळावा असेही म्हटले आहे. याखेरीज जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेतच. त्यावर कडी म्हणजे रीलमधील मुले आपली नाहीत, त्यांच्या पालकांची आहेत, आणि लाखो प्रेक्षक असलेल्या खात्याला उत्पन्न मिळत असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो.

वरिष्ठांनाही एक सांगणे आहे : नोटिशीची भाषा करण्याआधी त्यांनी आपल्याला एक जागा द्यायला हवी होती. जिल्ह्याच्या यूट्यूब वाहिनीवर शिक्षकांच्या नावाने एक विभाग असावा, व्हिडिओखाली शिक्षकाचे आणि शाळेचे नाव ठळक असावे, आणि तो पाठवल्यापासून सात दिवसांत ‘घेतला’ किंवा ‘या कारणाने घेतला नाही’ असे उत्तर मिळावे. आपण सध्या एवढे करा : ज्या रील्समध्ये मुलांचे चेहरे आहेत त्या आपल्या खात्यावरून आजच खाजगी करा, मुलांशिवाय केवळ साहित्य, फळा आणि आपला आवाज असलेले दोन व्हिडिओ नव्याने तयार करा, आणि ते मुख्याध्यापकांच्या पत्रासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्या.